डब्यातल्या हवेवर चालणारी मंडळी

आमच्या मंडळींचं इंजिन मिनिटभर चालतं आणि त्याची गोष्ट वर्षभर चालते. त्यामुळे इंजिनं मोजकीच झाली, गोष्टी मात्र ढीगभर. भेटेल तो विचारतो, "काय, चाललं का?" नुसतं "नाही" म्हणून सुटका होत नाही. का नाही चाललं तेही सांगावं लागतं, आणि तिथून किस्सा सुरू होतो.

आधी आम्ही काय करतो ते सांगते. स्टर्लिंग इंजिन म्हणजे बंद डब्यातली हवा. डब्याची एक बाजू तापवायची, दुसरी गार ठेवायची. हवा तापली की फुगते, गार झाली की आकसते. त्या फुगण्या-आकसण्यावर दट्ट्या हलतो आणि चाक फिरतं. चाकाला खेळण्यातली मोटर जोडली की वीज. पेट्रोल नाही, वाफ नाही. मी जळगावला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. पुस्तकात हा विषय अर्ध्या पानात संपतो. आमचा अजून संपलेला नाही.

*

पहिलं इंजिन करायला घेतलं तेव्हा मला एक डबा हवा होता. पत्र्याचा, गोल, सपाट बुडाचा. बाजारात पारसभाऊंचं भांड्यांचं दुकान आहे, तिथे गेले. घराणं मूळचं मारवाडातलं, पण पारसभाऊंचा जन्म जळगावातलाच. मी एकेक डबा उचलायची, बुडावर टिचकी मारायची, झाकण कानाशी धरून फिरवून बघायची. असे बरेच डबे झाले. पारसभाऊ शांतपणे पुढचे काढून देत होते.

शेवटी त्यांनी विचारलं, "मॅडम, ठेवायचं काय आहे यात?"

मी म्हटलं, "हवा."

पारसभाऊंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यांनी आत हाक मारली, "एअरटाइट काढ रे."

पुढच्या रविवारी ते स्वतःच बघायला आले, आणि तेव्हापासून आमच्यातलेच झाले.

*

नाना भुसावळचे. रेल्वेच्या इंजिनांवर जन्म काढला, रिटायर झाले आणि हात रिकामे झाले. त्यांच्या बायकोच्या, मालतीकाकूंच्या मते तेव्हाच घरच्या स्वयंपाकघराला ग्रहण लागलं. तारेची घासणी गेली, चहाची गाळणी गेली, कुकरची शिट्टी तर दोनदा गेली. आता नवीन वस्तू घरात आली की काकू आधी विचारतात, "ही घरची की इंजिनाची?"

नानांनी एक छोटं नाजूक इंजिन केलं, गरम चहाच्या कपावर चालणारं. कप खाली, इंजिन वर, चाक गरगर. त्याच सुमारास नानांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले. चहा आला, मुलाच्या वडिलांनी कप हातात घेतला, आणि नाना म्हणाले, "एक मिनिट हं." त्यांनी तो कप काढून घेतला, टीपॉयवर ठेवला आणि वर इंजिन बसवलं.

चाक फिरायला लागलं. मुलगा सोफ्यावरून उठून जवळ आला. मुलीचं शिक्षण, मुलाची नोकरी, सगळं बाजूला पडलं. सगळे वाकून कपाकडे बघत बसले. चहा गार होत गेला तसं चाक मंदावलं आणि थांबलं. पाहुणे भानावर आले.

काकू दारातून म्हणाल्या, "आता दुसरा आणते. तो इंजिनाचा झाला."

लग्न जमलं. रुखवतात लाडू होते, करंज्या होत्या, आणि मुलाच्या खास आग्रहावरून मधोमध ते इंजिन होतं.

*

बाहेरचे लोक आम्हाला म्हणतात, तुमच्या जळगावात काय, फुकटची उष्णता. खरं आहे. पण या इंजिनाला गरम बाजू लागते तशी गार बाजूही लागते, आणि मे महिन्यात ती जळगावात आणायची कुठून? माझ्या गच्चीवर एकदा चहाचं इंजिन काही केल्या फिरेना. खालून गरम, वरून गरम, हवा बिचारी आकसणार कशी.

पारसभाऊ खाली गेले आणि गोळ्याच्या गाडीवरून बर्फाचा तुकडा रुमालात बांधून घेऊन आले. घाईत त्यांनी तो इंजिनाच्या वर ठेवायच्या ऐवजी खाली ठेवला. चाक फिरलं, पण उलटं. खालची बाजू गार आणि वरची गरम झाली की ते उलटंच फिरणार, हे मी त्यांना नीट समजावून सांगायला लागले.

नानांनी मला थांबवलं. म्हणाले, "मॅडम, पुढे नाही जात तर मागे जाऊ द्या. आमच्याकडे त्याला शंटिंग म्हणतात."

*

मोठं इंजिन करायचं ठरलं तेव्हा तांब्याचं नळकांडं हवं होतं. आतून गुळगुळीत, म्हणजे दट्ट्या सुळकन सरकेल असं. पारसभाऊ म्हणाले, सोनगीरला जाऊ, तिथे तांब्या-पितळेचं काम करणारे ओळखीचे आहेत. गेलो. कारागीर म्हातारे होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे. नानांनी माप दिलं आणि निघताना भावनेच्या भरात म्हणाले, "आबा, एकदम मन लावून करा."

तेवढं म्हणायला नको होतं.

आठवड्याने गेलो तर आबांनी फडक्यातून नळकांडं काढलं. सोन्यासारखं चमकत होतं. आणि वरपासून खालपर्यंत त्यावर ठोक्यांची सुंदर नक्षी होती, खवल्यासारखी, अगदी एकसारखी. अर्थातच आतून तितकेच उंचवटे. आबांनी ते उन्हात धरून फिरवलं आणि विचारलं, "मस्त दिसस ना?"

नानांनी आत बोट घातलं, बाहेर काढलं. आबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. म्हणाले, "आबा, असं काम मी रेल्वेत जन्मात पाहिलं नाही."

ते नळकांडं आता पारसभाऊंच्या दिवाणखान्यात आहे. त्यात मोरपिसं ठेवली आहेत. येणारा प्रत्येक पाहुणा कुठून घेतलं म्हणून विचारतो.

*

धुळ्याला एका शाळेत प्रदर्शन होतं, तिथे आम्ही मधल्या आकाराचं एक इंजिन नेलं. खाली तेलाचा दिवा, वर इंजिन, शेजारी छोटासा एलईडी. दिवा लावला, डबा तापला, चाकाला बोट लावलं, ते फिरलं आणि एलईडी लागला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. नाना खुशीत होते.

नातवाला घेऊन आलेले एक आजोबा बराच वेळ उभे होते. त्यांनी विचारलं, "हाई पंपले जोडता यी का?"

नाना म्हणाले, पंपाला नाही, सध्या एवढा दिवाच लागतो.

आजोबांनी खालच्या तेलाच्या दिव्याकडे पाहिलं. मग वरच्या एलईडीकडे पाहिलं. दोन्हींत जास्त उजेड कुणाचा होता ते मी सांगत नाही.

"म्हंजे दिवा लाईसन दिवा लावतस का, भाऊ?"

परतीच्या वाटेवर पारोळ्यापर्यंत नाना मांडीवरचं इंजिन पुसत बसले होते. मग पारसभाऊंना हसू फुटलं, आणि मग जळगाव येईपर्यंत कुणाचंच थांबेना.

*

आमच्यातल्या चौथ्या म्हणजे अक्का. रावेरकडच्या, केळीची बाग, घर शेतातच. मालतीकाकूंच्या लांबच्या नात्यातल्या. एका भरीत पार्टीला त्यांनी आम्हाला बोलावलं. तिकडे वांगी भाजतात ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर. एवढा सुरेख जाळ बघून नानांना राहवेना. इंजिन गाडीत होतंच. त्यांनी डब्याचं टोक जाळात सरकवलं आणि थोड्याच वेळात बल्ब लागला. नुसता मिणमिणता नाही, चांगला लख्ख. वांगी फिरवणारे, मिरच्या निवडणारे, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापणाऱ्या, सगळे बल्बाभोवती जमले.

वांग्यांची आठवण झाली तेव्हा त्यांचा कोळसा झाला होता.

अक्कांनी काडीने एक वांगं उलटून पाहिलं. म्हणाल्या, "उजेड पडला. भरीत गेलं." पण मग माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि विचारलं, "याच्यापेक्षा मोठं करता येईल का?"

*

ते मोठं इंजिन झालं. नळकांडं या वेळी साधं पाइपाचं होतं. अक्कांच्या चुलीवर चालवून बघायचं म्हणून आम्ही तिघं एका दुपारी बसने त्यांच्याकडे गेलो. अक्कांचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. त्यांची मुलगी सुरतेला, दिवस भरत आलेले, आणि थोड्याच वेळापूर्वी जावयाचा फोन आला होता की तिला अचानक दवाखान्यात नेलंय, ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टर म्हणतात. सकाळी पहिल्या गाडीने निघायचं असं अक्कांनी ठरवलं होतं.

संध्याकाळी वादळ आलं. तिकडचं वादळ ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. सकाळी दार उघडलं तर अर्धी बाग आडवी, विजेचे खांब आडवे, रस्त्यावर कडुनिंबाचं झाड आडवं. बस बंद. अक्कांचा बटणांचा फोन चार्जिंग संपून बंद पडलेला. माझा फोन चालू होता, पण जावयाचा नंबर पाठ कुणाला? तो अक्कांच्या फोनातच होता. सिम काढून माझ्या फोनात घालता आलं असतं, हे आमच्या डोक्यात आलं ते दोन दिवसांनी, जळगावला.

अक्का ओट्यावर उभ्या होत्या. बागेकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. नानांना म्हणाल्या, "नाना, ते तुमचं चालेल का?"

नाना आयुष्यात पहिल्यांदा "बघू" म्हणाले नाहीत. म्हणाले, "चालेल."

अक्का चुलीपुढे बसल्या आणि तुरीच्या काड्या सारायला लागल्या. इंजिनाची गरम बाजू जाळावर, गार बाजूवर ओलं फडकं. माठातलं पाणी तांब्याने त्यावर ओतत राहायचं हे माझं काम. नाना चाकाशी. फोनच्या वायरचं टोक मोटरच्या वायरला नीट धरेना, म्हणून पारसभाऊंनी ते दोन बोटांच्या चिमटीत दाबून धरलं.

चाक फिरलं, थांबलं. नानांनी पट्टा बदलला. पुन्हा फिरलं, पुन्हा थांबलं. जाळ कमी पडतोय म्हणाले. अक्कांनी काड्या वाढवल्या. घरभर धूर झाला, कुणाला कुणाचं तोंड दिसेना. मग ते चाललं. टकटक-टकटक, न थांबता, आमचं कुठलंच इंजिन आजवर चाललं नव्हतं इतका वेळ. पारसभाऊंनी दुसऱ्या हाताने मनगटाला आधार दिला तेव्हा मी म्हटलं, मी धरते. त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

फोनचा पडदा उजळला. अक्कांनी तो हातात घेतला, आणि नंबर शोधायच्या आतच तो वाजला. धुरात त्यांना बटण सापडेना, म्हणून मीच ते दाबलं, आणि घाईत स्पीकरचंही दाबलं गेलं.

जावई बोलत होते. "आई? मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत, दोघी."

नानांनी चाक हाताने थांबवलं. टकटक थांबली तसं तिकडे जावयांना वाटलं, फोन कटला की काय. त्यांचा आवाज रडवेला झाला, आणि थोडा रागावलाही.

"आई, कालपासून फोन लावतोय. इथे मी एकटा. होत्या कुठे तुम्ही?"

धुराने अक्कांचे डोळे लाल झाले होते. हातात अजून तुरीची काडी होती.

"चुलीपाशी," अक्का म्हणाल्या.