बिनहळदीचं पिठलं

आधीच सांगते, मी असलं काही मानणाऱ्यातली नाही. ख्रिस्ती घरात वाढले, नगरला बी. कॉम. केलं. आमच्याकडे लिंबू-मिरची नाही, अंगारे-धुपारे नाहीत, अमावस्या कधी आली नि कधी गेली याचा पत्ता नसतो. या सदरातले अनुभव वाचून मी कितीदा तरी हसलेय... रागावू नका, खरं तेच सांगतेय. पण माझ्याच घरात, भर दिवसा, चार बायकांच्या देखत जे झालं त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

गोष्ट १९९४ सालची. नेवासा फाट्यावरून आत गेलं की आमचं गाव. नाव लिहीत नाही, भावकी अजून तिथेच आहे. चर्चच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीत चूल. घरात आम्ही चौघं — आमचे हे, मी, तीन वर्षांची पिंकी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, तिकडे तसंच म्हणतात. हे साखर कारखान्यात सीझनल होते. गाळप चालू तोवर पगार. एकदा गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला की दिवाळीपर्यंत मिळेल ते काम. कधी कुणाची मोटर दुरुस्त कर, कधी टेम्पोवर हमाली कर.

मी पडले हिशोबाची बाई. पगार आला की किराण्याचे, दळणाचे, दुधाचे, पिंकीच्या औषधाचे पैसे वेगवेगळ्या डब्यांत घालून ठेवायचे. आत्याबाईंना याचं भारी हसू यायचं.

"कुलूप बी लाव डब्याला," म्हणायच्या. "न्हाईतर देवाला कायतरी घालाया जागा ऱ्हाईल त्यात!"

त्यांची स्वतःची तऱ्हा काय, तर घरात दाणा असो नसो, सकाळी चूल पेटवायची आणि आधण ठेवायचं. नुसतं पाणी! आत टाकायला डाळ नाही, कण्या नाहीत, आणि ही बाई शांतपणे पाणी उकळत बसलीय. मग हात जोडून म्हणायच्या, "बापा, पानी ठिवलंय. आता तुझं तू बघ." झाली प्रार्थना. आमेनसुद्धा नाही.

मी चिडायचे. "आत्याबाई, सरपण काय फुकट येतं का?"

"त्ये बी त्योच देतो की."

कपाळ माझं! आणि खरं सांगायचं तर यायचं काहीतरी. कधी चर्चमधली कुणी शेर-दोन शेर ज्वारी आणून द्यायची, कधी शेवगावची नणंद वांग्यांची पिशवी घेऊन उतरायची. आत्याबाई माझ्याकडे बघून नुसत्या मान हलवायच्या. मला त्यात चमत्कार वाटत नसे. खेडेगाव आहे, बायका एकमेकींना देतात, आपणही देतोच. कधी पाणी आटूनही जायचं आणि आम्ही चहावर दिवस काढायचो. ते दिवस त्या सोयीस्कर विसरायच्या असं मला वाटायचं.

तो दिवस श्रावणातला. पावसाने ओढ दिलेली, नुसतं झाकोळून आलेलं आणि वारा म्हणून नाही. हे पहाटेच ओळखीच्या टेम्पोबरोबर भाजीपाला घेऊन नगरला गेले होते. दुपारपर्यंत येतो, येताना बाजरी घेऊन येतो, म्हणाले. माझे डबे सगळे रिकामे. पिंकीला कालची अर्धी भाकरी दुधात कुस्करून दिली होती, ती खाऊन खेळत होती. आत्याबाईंनी सवयीप्रमाणे आधण ठेवलं. तेही मोठ्या पातेल्यात.

"एवढं कुणासाठी?" मी विचारलं.

"काय म्हाईत. हाताला आलं त्ये ठिवलं," त्या म्हणाल्या.

पाण्याला उकळी फुटते न फुटते तोच शेजारची हौसाबाई आली. टोपलीत भाकऱ्या, वर पिठल्याचं भांडं, त्यावर फडकं. "पोरांनी हाटेलातनं भजी आनली, पिठल्याला कोन बी हात लावीना," म्हणाली. टोपली उंबऱ्याबाहेरच टेकवली आणि गेली. एरवी ही बाई आली की तासभर हलायची नाही, सगळ्या गावाची बित्तंबातमी सांगून मगच उठायची. त्या दिवशी पाणीसुद्धा नको म्हणाली.

आत्याबाईंचा चेहरा काय फुलला! "बघ," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बरं बाई, तुम्ही जिंकलात.

थोड्या वेळाने चर्चमधली शांताबाई आली. पिठलं-भाकरी. तिचा नवरा जेवायचा होता तो न जेवताच गेला होता म्हणे. पाठोपाठ गुरुजींची बायको. ही तर आमच्या गल्लीत कधी पाऊल टाकत नसे. तिच्या हातात स्टीलचा डबा, डब्यात पिठलं, वर कागदात गुंडाळलेल्या भाकऱ्या. "जास्तीचं झालं, वाया जायला नको," एवढंच बोलली. तिनेही डबा उंबऱ्याबाहेरच ठेवला. आत्याबाई "बसा की" म्हणेपर्यंत ती पाठमोरी झाली होती.

आत्याबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. "तीन घरचं धाडलं गं त्यानं... तीन घरचं!" पदराने डोळे पुसत त्या चुलीपुढे बसल्या आणि देवाचे आभार मानायला लागल्या. मी फडकी काढून सगळं एका टोपलीत लावू लागले. आणि माझा हात थांबला.

तिन्ही पिठली फिकट होती. हळद नाही, वर फोडणी नाही. नुसतं पाण्यात शिजवलेलं बेसन नि मीठ.

आता आमच्यात सुतक पाळत नाहीत. पण मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणायची, हळद-फोडणी न घालता, ही रीत त्या गावात सगळ्यांचीच होती, कुठल्या का धर्माचे असेनात. आणि ते जेवण आणणारी बाई आत येत नाही, बसत नाही, निघताना "येते" म्हणत नाही.

मी आठवून पाहिलं. तिघींपैकी एकही "येते" म्हणाली नव्हती.

 तशीच दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीपाशी गेले आणि हौसाबाईला हाक मारली. "हौसाबाई, पिठल्यात हळद का नाही घातली हो?"

"आँ? घातली की!" ती म्हणाली. मग थबकली. "थांब... फोडनी... अगं बया! हात गेलाच न्हाई हळदीकडं. कशी काय ईसरले?" आणि माझ्याकडे बघता बघता तिचं तोंड उतरलं. मला काय म्हणायचंय ते तिला कळलं होतं. "इमल," ती हळूच म्हणाली, "मालक कुठं हायेत तुजं?"

मी धावतच एसटी स्टँडवरच्या एसटीडी बूथवर गेले. नगरच्या ज्या अडत्याकडे माल जायचा त्याचा नंबर यांनी लिहून दिला होता. फोन लागता लागेना. लागला तेव्हा तिकडचा माणूस म्हणाला, टेम्पो कधीच निघाला, एव्हाना पोचायला पाहिजे होता. येताना वाटेत इमामपूरचा घाट. त्या घाटातले अपघात आम्ही पेपरात वाचायचो. परत येताना मी रडत होते, लोक बघत होते, मला त्याचं काही नव्हतं.

घरी येऊन मी आत्याबाईंवर ओरडले. "कसले आभार मानताय? हे मयताचं जेवण आहे! हळद नाही, फोडणी नाही... हे यांच्यासाठी आलंय!"

त्या उठून टोपलीपाशी आल्या, एका पिठल्यात बोट बुडवून बघितलं, आणि खाली बसल्या.  चुलीवरचं पाणी खळखळत होतं, ते उतरवायचंही कुणाला सुचलं नाही. मला त्या क्षणी त्यांच्या देवाची भीती वाटली. जो मागायच्या आधी देतो, त्याला काय काय ठाऊक असेल, असं वाटलं.

मग आत्याबाई बोलल्या, आणि आवाज एकदम साधा होता. "मयताचं जेवान कोन खातं गं?"

"म्हणजे?"

"मागं ऱ्हायल्याली खात्यात. जो गेला त्यो न्हाई खात." आणि त्यांनी पिंकीला मांडीवर ओढलं, भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून तिच्या तोंडात घातला. "खा माजी बाय." मग मला. मी मान फिरवली तर त्यांनी माझी हनुवटी धरली. आठ वर्षांच्या संसारात त्यांनी मला असा हात कधी लावला नव्हता. "खा म्हंती ना! ऐक माजं." तो घास कसा गिळला माझं मला माहीत.

"तुम्ही?" मी म्हटलं.

"मला भूक न्हाई."

सकाळपासून त्यांच्या पोटात कपभर चहाशिवाय काही नव्हतं. मी ताट केलं तर त्यांनी ते सरकवलं. दोन भाकऱ्या नि पिठलं वाटीत काढून, फडक्यात बांधून मांडीवर घेतलं आणि दारात जाऊन बसल्या. ओठ हलत होते. मी जवळून गेले तेव्हा एवढंच ऐकू आलं — "त्याच्या तोंडात येक घास पडू दे. येकच. मंग तुजं तू बघ."

दुपार गेली. दिवस कलला. मी दहादा रस्त्यापर्यंत जाऊन आले. आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत.

दिवेलागणीला हे आले. फाट्यापासून चालत! अंगभर धूळ, एक बाही फाटलेली, आणि हसत होते वेड्यासारखे. घाटात टेम्पोचा ब्रेक फेल झाला. टेम्पो सरळ कडेला गेला आणि पुढचं चाक बाहेर लटकलं, तिथेच खडीच्या ढिगात रुतून थांबला. "वरच्याचा हात होता म्हणून वाचलो," हे सांगत होते. "बाजरी पण राहिली टेम्पोत..."  मी यांना धरून हमसून हमसून रडले, सासूसमोर, शेजाऱ्यांसमोर.

आत्याबाईंनी त्यांना पाय धुवायलाही जाऊ दिलं नाही. "आधी खा!" फडकं सोडलं, घास केला आणि यांच्या तोंडात घातला. पहिला स्वतःच्या हाताने. यांनी तो चावून गिळेपर्यंत त्या टक लावून बघत होत्या.

"अगं पण तू जेवलीस का?" यांनी विचारलं.

"तू खा. मला नगं."

हे भुकेले होते, खाली मान घालून खात सुटले. आत्याबाई भिंतीला टेकून बघत बसल्या. चेहऱ्यावर असं समाधान होतं की मी हसून त्यांच्याकडे बघितलं, म्हटलं, जाऊ दे, आपलेच मनाचे खेळ. यांना ठसका लागला. "आई, पाणी दे गं जरा."

त्या उठल्या नाहीत. यांनी पुन्हा हाक मारली. डोळे उघडे होते, यांच्याकडेच लागलेले. पण आत्याबाई गेलेल्या होत्या.

गल्ली गोळा झाली. हौसाबाई दारात आली ती रिकाम्या हाताने, आणि तिथेच मटकन खाली बसली. "मी तर सकाळीच आनलं गं..." एवढंच म्हणत राहिली. त्या दिवशी आमच्याकडे कुणाला जेवण आणावं लागलं नाही. शेवगावहून नणंद नि तिची माणसं आली, त्यांना तेच वाढलं.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. वय झालं होतं, दिवसभर पोटात काही नाही, त्यात मुलाची काळजी. पटण्यासारखं आहे. पाळकसाहेबांना मी पुढे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, बाई, असल्या विचारांना थारा देऊ नका. तेही पटलं. पण तीन घरच्या तीन बायका एकाच सकाळी हळद विसरतात ती कशी? त्यांना उंबऱ्याबाहेर कुणी थांबवलं? आणि ते जेवण नक्की कुणासाठी निघालं होतं? त्या तिघींना मी खोदून खोदून विचारलं. प्रत्येकीचं कारण साधंच होतं आणि खरंच होतं. कुणी काही सांगितलेलं नाही, स्वप्न नाही, काही नाही. 

यांना मी यातलं काही बोलले नाही. यांच्यापुढे फक्त त्या दोन भाकऱ्या आल्या होत्या. आतली टोपली यांनी बघितलीच नाही. नणंदेला वाढलं ते शेजाऱ्यांनी नंतर आणलं असंच समजले. मग यांनी मनाशी धरलं की घरात तेवढंच होतं. आई आपल्या ऑफ सीझनपायी उपाशी राहिली, स्वतःचा घास आपल्या तोंडात घालून गेली. मला वाटलं, राहू दे. खरं ऐकलं तर 'माझ्या जागी गेली' म्हणून आणखी खचतील. पण हे अजून तेच धरून बसलेत. रिटायर झाले, मुलगी सासरी गेली, घरात धान्याला जागा नाही तरी पोतं आणतात. परवा ताटावरून उठले आणि म्हणाले, "माझ्याकडे त्या दिवशी पैसे असते तर आई जेवली असती."

हा अंक आमच्याकडे येतो आणि आधी तेच वाचतात. तर ऐका हो. आत्याबाई न जेवता राहिल्या त्या तुमच्या पगारामुळे नाही. भाकऱ्या भरपूर होत्या. मी ताट वाढलं होतं, त्यांनीच ते सरकवलं.