वडगावची वाट इंग्रजीत सांगा म्हणे!

मित्रांनो, आजचं आजच लिहितो.

आज टिळकवाडीत एका कुरिअर ऑफिसात मुलाखत होती. माझी शाळा नववीत सुटली, म्हणून पंधरा दिवस इन, ऑन, बिहाइंड, टुवर्ड्स वहीत लिहून पाठ केले होते.

साहेब म्हणाले, "इथून वडगावला कसं जायचं? इंग्रजीत सांगा."

भीतीने बिहाइंडच्या जागी बिफोर गेलं. साहेब हसले. "राहू दे. जमणार नाही."

तेवढ्यात त्यांच्या ड्रायव्हरचा वडगावातूनच फोन आला. अर्धा तास फिरूनही साडीचं पार्सल घ्यायचं घर सापडत नव्हतं. मी वडगावचाच, म्हणून साहेबांनी फोन माझ्याच हातात दिला. पत्ता ऐकून मी म्हणालो,

"अण्णा, मारुतीच्या देवळामागं गाडी बंद करा. ज्या बोळातनं साडी विणायच्या मागाचा आवाज येतोय, त्यात शिरा. माग चालू हाय त्याच्या समोरचं घर."

दोन मिनिटांत तिकडून ओरड आली, "सापडलं रं! उद्यापासनं तूच सांगत जा की!"

साहेबांनी फोन परत घेतला. "थँक्यू. पण इंग्रजी लागतंच." आणि पुढच्या उमेदवाराला आत बोलावलं.

वडगावात साडीचं पार्सल देणाऱ्या कुठल्या आक्का इंग्रजीत वाट सांगतात? मग मला नापास नक्की कोणासाठी केलं?