बिनसुईचा पट्टा

आमच्या खात्यात त्याला सगळे 'थांबा' म्हणायचे. बाजारात येऊ पाहणारं प्रत्येक नवं उपकरण त्याच्या टेबलावरून जायचं आणि त्याचा पहिला शेरा ठरलेला असायचा: थांबा. कंपन्यांची माणसं त्याच्या नावाने बोटं मोडत. मीही मोडली आहेत, कारण त्याच्यानंतर फाइल माझ्याकडे यायची. पण माणूस कामचुकार नव्हता. उपकरण आधी आठवडाभर स्वतःवर वापरायचा, मगच सही. एकदा घोरणं मोजणारी टोपी घालून तो ऑफिसातही बसला होता. दुपारी जेवणानंतर टोपीला बऱ्यापैकी काम मिळालं.

मग मनगटावरचा पट्टा आला. सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारा. अशा वस्तूसाठी कायद्यात कलमच नव्हतं. बंदी घातली तर वरचे ओरडणार, मोकळं सोडलं तर एखाद्याच्या जिवावर बेतणार. थांबाने मधला मार्ग काढला. सहा महिने फक्त दोनशे माणसांनी पट्टा वापरायचा, दर महिन्याला तक्रारीचा फॉर्म भरायचा आणि त्यावरून पक्का नियम करायचा. आठवडाभर पट्टा घालून त्याने सही केली, एकदाही 'थांबा' न लिहिता. कारण उघड होतं. त्याची थोरली बहीण बारा वर्षं दिवसातून चार वेळा बोट टोचून घेत होती. तिचं नाव यादीत होतं. नियमात बसत होतं, मी स्वतः पाहिलं.

ताईचा फॉर्म तोच तिच्या स्वयंपाकघरात बसून भरायचा. "काही तक्रार?" "काही नाही रे, मजेत आहे." तीन महिने हेच.

चौथ्या महिन्यात तो गेला तेव्हा ताई गार पाण्यात भांडी घासत होती. घासता घासता मटकन खाली बसली, घामाने डबडबलेली. पट्टा म्हणत होता, एकशे दहा. त्याने कपाटातलं जुनं यंत्र काढून तिचं बोट टोचलं. अठ्ठेचाळीस. साखरपाणी पाजून तो तिचे हात धरून बसला. हात गारठलेले होते, आणि आपली चूक त्याला तिथेच कळली. त्याने पट्टा तपासला होता आमच्या उबदार ऑफिसात. त्या आठवड्यात घरी एक कपसुद्धा विसळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळे पट्टे परत मागवले गेले. अहवालाच्या पहिल्याच ओळीत त्याने स्वतःची चूक लिहिली. "जरा सौम्य लिही," मी म्हटलं. त्याने ऐकलं नाही.

संध्याकाळी ताईचा पट्टा आणायला मी त्याच्यासोबत गेलो. तिने तो पुसून डबीत ठेवला होता. देताना म्हणाली, "याआधीही तीनदा झालं होतं असं."

"मग बोलली का नाहीस? मी इथेच बसून विचारत होतो ना!"

"त्या कागदांवर तुझी सही होती रे. म्हटलं, माझ्यापायी तुझ्यावर बालंट नको."

मला त्याची फार दया आली.

नव्या नियमात गार, ओल्या हातांची चाचणी आली. शिवाय एक कलम त्याने जास्तीचं घातलं: तक्रार विचारणारा माणूस वापरणाऱ्याच्या नात्यातला नसावा. वरून विचारणा झाली, याची गरज काय?

त्याने उत्तर लिहून पाठवलं: माझी बहीण मला सांभाळून घेत होती.