मुरमातला तांब्या

मंगरूळपीरकडच्या एका खेड्यात मी मास्तर होतो आणि बायको तान्ह्या मुलीला घेऊन वाशीमला माहेरी. वाशीमच्या शाळेत बदली व्हावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. डिप्टी साहेब तपासणीला येणार होते. त्यांना दगडमातीचं भारी वेड. म्हटलं, असा धडा दाखवू की साहेबांनी जागीच शिफारस करावी.

शाळेच्या आवारात मुलांनी खड्डा खणायचा आणि थर ओळखायचे: वर काळी माती, मग चुनखडी, खाली मुरूम. पण खणायचं म्हटलं की काहीतरी सापडायला हवं. आमच्या भागात धातू कुठून आणू? म्हणून सुट्टीच्या दिवशी मी लग्नात मिळालेला माझा तांब्याच मुरमात पुरला.

तपासणीच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम घेतली. कुदळ तांब्यावर खणकन वाजली, पोरं ओरडली आणि अख्खा गाव धावत आला. पाटलांनी तांब्या उलटा केला. रिकामा.

"धन सरकलं," ते म्हणाले.

"अहो पाटील, तो माझा आहे. मीच पुरला!"

"मास्तर, सोताचा तांब्या कोन गाडते? आमाले येडं समजून राह्यले का?"

माणसाची चाहूल लागली की गुप्तधन जमिनीतल्या जमिनीत सरकतं, ही तिथली पक्की समजूत. नारळ फुटला, लिंबं कापली गेली आणि सगळे सरकलेल्या धनामागे खणत सुटले. मी घसा फोडून ओरडलो. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

सकाळी साहेब आले तेव्हा आवाराची चाळण झाली होती. त्यांनी एका पोराला विचारलं, "मुरमात काय सापडतं?"

"मास्तरचा तांब्या!"

खरं बोलणारा तेवढा एकच निघाला. साहेब पोट धरून हसले. पाटलांनी हात जोडले, "साहेब, मास्तरले हलवू नका. त्याइले जमिनीतलं दिसते."

साहेबांना भरून आलं. सगळ्या गावाला भूगर्भाची गोडी लावणाऱ्या मास्तराला इथून हलवणं म्हणजे पाप, असं ते सर्वांसमोर म्हणाले. मला रडू फुटायचं बाकी होतं.

बदली होत नाही म्हटल्यावर शेवटी बायकोच आली. बैलगाडीतून उतरली, मुलीला माझ्या हातात दिलं आणि पाणी प्यायला तांब्या शोधू लागली.

"पाटलांच्या देव्हाऱ्यात आहे," मी म्हणालो. "मी पुरला होता."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"सोताचा तांब्या कोन गाडते?"