ताडी सुटल्यावर

आमच्या गल्लीतला झटकेवाला रोज त्याच्या घोडागाडीतून मला कलेक्टरकचेरीत सोडी. त्यानं ताडी सोडली आणि त्याचे हात कापायचे थांबले. घोड्याला मारणंही थांबलं. पण पूर्वी प्यायला की तो पटकीनं गेलेल्या लेकीच्या गोष्टी सांगत रडायचा, आता तिचं नावही घेईना.

"राव, आता ते मारत नाहीत," त्याची बायको मला म्हणाली. "पण पोरीविषयी बोलायला कोणी उरलं नाही."

एका सकाळी कालव्याच्या पुलावर त्यानं गाडी थांबवली.

"तिला या पाण्याची भीती वाटायची, राव," तो म्हणाला, आणि अडखळत बराच वेळ बोलत राहिला.

"हे घरी सांग," मी म्हणालो.

त्यानं मला तिथंच उतरवलं आणि घोडा घराकडे वळवला.