साइव्ह म्हणजे गोड

नागपूर विमानतळावर बाकी सगळे लोणच्याची बरणी बॅगेत फुटेल का, याच काळजीत होते. आत्याने मात्र मला जवळ ओढून, बारशाला तिनेच ठेवलेलं नाव कानात म्हटलं, "मधुरा." आणि सोडलं.

शिकागोच्या पहिल्या नोकरीत मॅनेजर त्या नावापाशी दोनदा अडखळला. मीच घाईने म्हणाले, "कॉल मी मॅडी." त्याने मागितलंही नव्हतं. तुम्हा घरच्यांना हे मी कधी सांगितलं नाही. माझ्यासारखे जे इकडे आले, त्यांना सांगायची गरज नाही.

नऊ वर्षांनी टीममध्ये आयर्लंडची एक मुलगी जॉइन झाली. स्क्रीनवर तिचं नाव होतं एस, ए, डी, एच, बी, एच. आणि म्हणायचं होतं साइव्ह! मी हसून विचारलं, "सॅडी म्हटलं तर चालेल? सगळ्यांना सोपं जाईल."

"नाही चालणार," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या आजीचं नाव आहे. विसरलात तर पुन्हा सांगेन."

महिन्याभरात सगळे नीट साइव्ह म्हणू लागले. मला मात्र तिचा राग यायचा.

त्या उन्हाळ्यात आत्या माझ्याकडे राहायला आली. एकदा मी डबा विसरले, तर ती तो द्यायला निघाली, आणि शेजारच्या काकूंनी गाडीने तिला ऑफिसच्या दारात सोडलं. रिसेप्शनवर तिने "मधुरा" म्हटलं. असं कुणी नाही, म्हणाले. यादीत मी मॅडी होते. मीटिंगमुळे फोन बंद. आत्या मांडीवर डबा घेऊन पाऊण तास बसून राहिली. शेवटी तिथून जाणाऱ्या साइव्हला तिने मोबाइलमधला माझा फोटो दाखवला, आणि साइव्ह तिला वर घेऊन आली.

"या मधुराला शोधताहेत. तूच ना?"

तेवढ्यात मागून कुणी "मॅडी!" म्हणालं आणि मी वळले.

"मॅडी कोण गं?" आत्याने विचारलं. मी तिच्या हातातला डबा घेतला.

आत्याने मग साइव्हला नाव विचारलं, अर्थही विचारला. जुना आयरिश शब्द, अर्थ गोड, साइव्हने सांगितलं. मी मान खाली घालून मराठीत सांगितलं.

"अगं, म्हणजे तुझंच नाव की!" आत्या हरखली.

आपल्या संस्कृत 'स्वादु'चा तो शब्द लांबचा नातेवाईक, हे मी पुढे वाचलं. त्या क्षणी मात्र कुठेतरी लपावंसं वाटत होतं.

घरी जाताना आत्या एवढंच म्हणाली, "मला वाटलं, मीच चुकीच्या ऑफिसात आले." रागावली असती तर बरं झालं असतं.

साइव्हची मी माफी मागितली. यादीतलं नाव बदलून घेतलं. अजून कुणी मॅडी म्हणतं, मग मी दुरुस्त करते. इतकी वर्षं मी या शहराला दोष देत होते, की ते मला आपलं मानत नाही. खरं तर त्याला मी माझी ओळखच करून दिली नव्हती. घर इथेही होईल कदाचित. सुरुवात मलाच करायची होती, आणि ती मी फार उशिरा केली.