चौदाव्या दिवशी येणारे कॉटकाका

शनिवार पेठेत कोणाच्या घरी माणूस गेलं, की तेराव्याचं गोडाचं जेवण उरकायचं आणि चौदाव्या दिवशी संध्याकाळी कॉटकाका दारात उभे असायचे. लोक त्यांना घाबरत. घरात कोणी आजारी असलं, की ते समोरून येताना दिसताच माणसं रस्ता ओलांडून पलीकडे जात. काकांना हे ठाऊक होतं. "मी यमाच्या मागून येतो, पुढून नाही, एवढं तरी लक्षात घ्या," असं ते म्हणत.

मंडईजवळ त्यांचं वजनकाट्यांचं लहानसं दुकान होतं. दुपारी ते बंद करून उरलेला दिवस ते पेठेतल्या धर्मादाय हॉस्पिटलसाठी देणग्या मागत फिरत. एका देणगीत एक लोखंडी कॉट, आणि तिच्या डोक्याशी गेलेल्या माणसाच्या नावाची पितळी पट्टी. "कॉट आहे तोवर नाव आहे," हा त्यांचा शब्द. एवढं बोलून ते दाराजवळच्या खुर्चीत गप्प बसून राहत. पाणी घेत, चहा कधीच नाही. मागणाऱ्याने चहा घेतला, की देणाऱ्याला सुटल्यासारखं वाटतं, हे त्यांचं त्यावरचं म्हणणं.

आमच्या घरी ते आले ते माझ्या धाकट्या भावासाठी. शिरीष सात वर्षांचा होता, माझ्याहून एका वर्षाने लहान. तापाने गेला. मुंज न झालेल्या मुलाचं तेरावं करत नाहीत, म्हणून आमच्याकडे काहीच नव्हतं, तरी काका चौदाव्या दिवशी आलेच. एरवी आवाज न चढवणारे बाबा त्या दिवशी ओरडले.

"त्याच हॉस्पिटलात माझा मुलगा गेला, आणि त्याच हॉस्पिटलसाठी आपण माझ्याकडे मागता?"

"हो," काका म्हणाले. "त्या दिवशी कॉट रिकामी नव्हती. शेवटपर्यंत तो जमिनीवरच्या गादीवर होता. मी पाहिलंय, म्हणून आलो."

बाबा उठून आत गेले. आईने मुंजीसाठी बाजूला ठेवलेले पैसे आणून काकांपुढे ठेवले आणि एकच अट घातली. पट्टीवर 'कै.' लिहायचं नाही, 'चि.' लिहायचं. पट्ट्या कोरणारा कुरकुरला, गेलेल्या मुलाला चिरंजीव कसं म्हणायचं. काकांनी त्याला सुनावलं, की तुम्हाला पैसे अक्षरांचे मिळतात, अर्थाचे नाही.

देणगी घेऊन विसरणाऱ्यांतले काका नव्हते. दरवर्षी शिरीष गेला त्या तारखेच्या आधी ते निरोप द्यायला येत आणि त्या दिवशी आईला वॉर्डात घेऊन जात. कॉटवर जो पेशंट असेल त्याची ओळख करून देत. आई मेतकूट-भाताचा डबा नेई आणि त्याला विचारी, झोप लागते का. देणगीदाराचा सत्कार म्हणजे एवढाच. शाल नाही, नारळ नाही.

तिसऱ्या वर्षी कॉटवर चंद्रपूरकडचा एक तरणा कामगार होता. भोसरीच्या कारखान्यात हात सापडलेला. तो आईला म्हणाला, "नाव वाचतो जी रोज. कितव्या वर्गात हाय पोरगं?"

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "चौथीत."

काका शेजारीच होते. आता हे खरं काय ते सांगतील, असं मला वाटलं. ते शांतपणे म्हणाले, "हुशार आहे. अक्षर तेवढं वाईट आहे."

तेव्हापासून शिरीष त्या वॉर्डात वाढू लागला. काका माझी खबरबात काढून ठेवत आणि वर्षभर थांबून ती शिरीषच्या नावावर खपवत. मला दहावीत जितके मार्क पडले, तितकेच पुढच्या वर्षी त्याला पडले. मी कॉम्प्युटर कंपनीत लागले, मग तोही लागला. मी वाघोलीला फ्लॅट घेतला, त्याच्या पुढच्या वर्षी माझ्यादेखतच काका पेशंटला सांगत होते, "त्यानेही घेतलाय फ्लॅट. इतक्या लांब कशाला घेतला कोण जाणे."

घरी मात्र शिरीषचं नाव निघत नसे. बाबांना सहन व्हायचं नाही, आणि बाबा गेल्यावरही ती सवय तशीच राहिली. आई त्याची आई असायची ती वर्षातून एक दिवस, त्या कॉटपाशी. पण बाहेर कोणी मुलं किती असं विचारलं, तर ती न अडखळता "दोन" म्हणायची.

मग शहरात पैसा आला आणि हॉस्पिटल एका कंपनीकडे गेलं. काचेची इमारत उभी राहिली. खाली मोठ्या देणगीदारांची भिंत झाली, तिच्यावर कंपन्यांची नावं. कॉट कुठे आहेत हे विचारायला काका गेले, तर तिथल्या तरुण मॅनेजरने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "आजोबा, त्या प्लेट्स पेशंट्सना डिप्रेसिंग वाटतात. जुने बेड्स ऑलरेडी स्क्रॅपमध्ये गेले." तो मुलगा वाईट नव्हता. मला त्या इमारतीचा राग मात्र आजही येतो, आणि नाइलाजाने मी तिथेच तपासून घ्यायला जाते.

काका कित्येक आठवडे जुन्या बाजारात भंगारवाल्यांकडे पट्ट्या शोधत फिरले. एकही मिळाली नाही. पितळ वितळवलं जातं, हे वजनकाटे विकणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको होतं. मग ते हे सांगायला एकेका देणगीदाराच्या घरी जाऊ लागले.

आमच्याकडे आले ते शिरीषच्या तारखेच्या आधी, नेहमीसारखेच. दाराजवळ बसले. आईने पाणी आणलं.

"वहिनी, आज चहा टाका," ते म्हणाले. "आज मागायला आलो नाही."

आईने आधण ठेवलं. चहा घेता घेता काकांनी सगळं सांगितलं. त्यांचं संपल्यावर आईने विचारलं, "आणि शिरीष?"

इतकी वर्षं प्रत्येक पेशंटला उत्तर देणाऱ्या या माणसाने उरलेला चहा संपवला. "आता मला काही सांगता येत नाही, वहिनी," ते म्हणाले.

त्याच थंडीत काका गेले. चौदाव्या दिवशी संध्याकाळी आई म्हणाली, मला त्यांच्याकडे जायचंय. मी तिला घेऊन गेले. दुसरं कोणी आलेलं नव्हतं. आई दाराजवळच्या खुर्चीत बसली. काकांच्या पत्नीने चहा आणला, तो तिने घेतला. मागायला आमच्याकडे काहीच नव्हतं. त्या बाईंनी आम्हाला कधी पाहिलेलं नव्हतं, म्हणून काहीतरी बोलायचं तसं त्यांनी विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

मी आईच्या नेहमीच्या उत्तराची वाट पाहत होते. आईने कप खाली ठेवला.

"ही एकच मुलगी," ती म्हणाली.